बिनकाट्यांची दुपार

१

मी दारात पोचले तेव्हा बन्सीधर सर मशीनच्या टेबलाखाली पालथे पडले होते आणि खिडकीतला कूलर त्यांच्या अंगावर गार वारा सोडत होता. डोक्याची मागची बाजू तीन ठिकाणी फुटली होती. शेजारी गॅस सिलिंडर उघडायचा हातभर लांब लोखंडी पाना पडला होता आणि त्याला पांढरे केस चिकटले होते. रक्त भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत उडालं होतं. वाळ्याचा ओला वास आणि रक्ताचा वास एकमेकांत मिसळला होता. कुठे नवा कूलर सुरू झाला की तो वास मला अजून येतो आणि मी उठून बाहेर जाते.

माझं नाव वैष्णवी. तेलात, औषधात काय मिसळलंय ते प्रकाश टाकून ओळखणारी मशीन्स असतात. त्यांचं सॉफ्टवेअर रुसलं की आमची कंपनी मला संभाजीनगरहून पाठवते. सोमवारी बन्सीधर सरांचा फोन आला होता.

"मॅडम, सकाळी फिटिंग बसतंय अन् दुपारी मोडतंय. दुपारी वक्राला काटे फुटायलेत. एकदा या अन् तुमच्या डोळ्यांनी बगा."

मंगळवारी येते, असं मी म्हणाले. गाडी साडेतीन तास उशिरा आली, स्टेशनावर रिक्षावाल्याशी भांडण्यात आणखी वीस मिनिटं घालवली, आणि परभणीबाहेर पाथरी रस्त्यावरच्या या खाजगी तेलतपासणी प्रयोगशाळेत साडेचारला पोचले. मे महिना, बाहेर चव्वेचाळीस अंश. वेळेवर पोचले असते तर, हा हिशेब मी पुष्कळ दिवस करत होते. आता सोडून दिलाय.

बाहेर अंगणात आरडाओरडा झाला म्हणून मी वळले. बातमी पसरली होती. सरांचे नातेवाईक, रस्त्यावरचे ट्रकवाले, शेजारच्या गॅरेजचे लोक, पन्नासेक माणसं जमली होती. मध्ये सिद्धोधन उभा होता. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. गेली आठ वर्षं नमुन्यांच्या बाटल्या धुणं, कूलर भरणं, दारावर बसणं ही सगळी कामं तोच करायचा. एवढ्यात मालकाची पांढरी गाडी धूळ उडवत आली. दत्तराव खाली उतरले, सरळ चालत गेले आणि सिद्धोधनच्या उजव्या कानाखाली अशी सणसणीत ठेवून दिली की तो जागच्या जागी गुडघ्यांवर आला.

"माज्या सरला मारलंस? इथं तुज्याबिगर कोण होतं रे?"

पहिली चापट मालकाने मारली म्हटल्यावर बाकीच्यांना काय हवं होतं? काठ्या निघाल्या, चपला निघाल्या, कुणीतरी गॅरेजमधून गाडीचा फॅन बेल्ट आणला. मी मध्ये घुसले तर एका हाताने मला भिंतीवर फेकलं. सिद्धोधनच्या कानातून रक्त येत होतं आणि तो दोन्ही हातांनी डोकं झाकून ओरडत होता.

"मी कामून मारू सरला? दोन चाळीसला सर जित्ते होते! मी प्रिंटर ऐकला! माज्या कानानं ऐकला!"

पोलिसांची जीप आली आणि लोक पांगले. पण ते वाक्य तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याच वाक्याने त्याचा गळा आवळला.

२

फौजदार सिताराम मुळे हा जाडजूड, घामाघूम झालेला, पण डोकं जागेवर असलेला माणूस निघाला. पंचनामा झाल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात खुर्ची दिली.

"मॅडम, तुमी मशीनवाल्या. तुमी बाहेरच्या. तुमाला सरळ सांगतो. डॉक्टर म्हणतेत, साडेबारा ते साडेतीनच्या मदी कवाबी मेला असंल. कूलरच्या गारव्यानं अंदाज बसंना. पण हे बगा."

त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद दाखवला. वर्णपटाचा छापील अहवाल. खाली नाव बन्सीधर सरांचं, वेळ दोन चाळीस. प्रिंटरच्या ट्रेमध्ये सापडलेला.

"म्हंजे दोन चाळीसला मास्तर मशीनवर काम करायलता. दार एकच. ह्या सिद्धोधनचाच जबाब हाय की दोनपासून तो दारावर होता अन् साडेतीनपस्तोर कोणी आत गेलं न्हाई की बाहेर आलं न्हाई. मंग राह्यलं कोण? सकाळी मास्तरनं त्याला कूलरच्या पाण्यावरून चारचौघांत झापलं होतं. आता दवाखान्यात पहाऱ्यात हाय. उद्या दुपारी तीनला कोर्टापुढं उभा करायचा."

"तो स्वतःच सांगतोय की दुसरं कोणी नव्हतं. खुनी असं सांगेल?"

"येडा असंल तर सांगंल."

"साहेब, मला बाकीच्यांशी बोलू द्या. इथे काय बिघडलं होतं ते मला तरी कळायला हवं."

मुळे साहेबांनी कपाळ पुसलं. "बोला. पण मी संगं बसणार."

पहिली आली शिवकन्या, इथली रसायनतज्ज्ञ. साडेतीनला जेवून परत आल्यावर दार तिनेच ढकललं होतं. रडून डोळे सुजले होते, पण आवाजात राग होता.

"एक वाजता घरी गेले मी. झरीच्या तेलघाण्याचा महारुद्र सरांवर ओरडून माझ्या डोळ्यांदेखत बाहेर पडला. हात-पाय तोडीन म्हणला. मॅडम, झरीकडं एका वस्तीवर नऊ लोकांचे पाय सुजलेत. तानुबाई नावाची म्हातारी श्वास कोंडून मेली. सगळ्यांच्या घरी ह्याच घाण्याचं करडईचं तेल. अन् आपल्या इथून त्याला दर महिन्याला 'शुद्ध' म्हणून कागद गेला."

"कसा गेला?"

"चार शिखरं बसवायच्या जागी कुणीतरी तीनच ठेवली." ती थांबली. "माझ्या नावानं."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मशीन तेलावर प्रकाश टाकतं आणि डोंगररांगेसारखा एक वक्र काढतं. त्यात कोणकोणती शिखरं एकमेकांत मिसळलीत ते सॉफ्टवेअर वेगळं करून दाखवतं, यालाच फिटिंग बसवणं म्हणतात. पण शिखरं किती शोधायची हे माणूस सांगतो. पिवळ्या धोतऱ्याच्या विषारी तेलाचं शिखर लहान असतं, मोठ्या शिखराच्या पोटात लपतं. चार शोध म्हटलं तर सापडतं. तीनच शोध म्हटलं तर मोठं शिखर जरा जाड होऊन त्याला गिळतं आणि कागदावर तेल स्वच्छ दिसतं. शिंप्याने पोट सुटलेल्याला सैल सदरा शिवावा तसं आहे हे, आतलं झाकून जातं.

"पण तुझ्या नावानं कसं?"

"माझा पासवर्ड स्क्रीनलाच चिकटवलेला हाय, मॅडम. सगळ्यांना दिसतो. परवा सरांना बदल सापडला. त्यांना वाटलं मीच केला. लय बोलले मला. काल रात्री फोन करून म्हणले, 'शिवकन्या, चुकलो बाई, तू न्हाईस.' कोण ते सांगितलं न्हाई. आज जुने सगळे नमुने चार शिखरांनी परत बसवून जिल्ह्याच्या साहेबांकडं पाठवणार होते."

"आणि दुपारचे काटे?"

"महिना झाला त्याला. सर अन् मी रोज डोकं फोडून घेत होतो. सकाळी सात ते दहा वक्र कसा गुळगुळीत येतो. ऊन चढलं, कूलर लावला की अंगावर काटे. फिटिंग बसतच न्हाई. कूलर बंद केला तर मशीन तापून बंद पडतं."

हे मला फोनवरच कळलं होतं. कूलर हवेत पाणी भरतो, ती वाफ मशीनमध्ये शिरते आणि वाफेच्या बारीक बारीक रेघा तेलाच्या वक्रावर उमटतात. सॉफ्टवेअर बिचारं त्या प्रत्येक काट्याला शिखर समजून बसतं आणि गोंधळतं.

३

महारुद्रला पोलिसांनी मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, उचलून आणला होता. येताना त्याची झटापट झाली असावी, ओठ फाटला होता.

"व्हय, म्हणलो हात-पाय तोडीन! माज्या धंद्यावर पाय देत होता तो. पण एक वाजता निघालो ते जीपनं सरळ मोंढ्यात. दीडपासून चारपस्तोर शंभर हमालांपुढं बसलोय. विचारा कोणालाबी."

"कॉम्प्युटर येतो?"

"व्हॉट्सॲप येतंय तेवढं बास हाय." तो जमिनीवर थुंकला, थुंकीत रक्त होतं. "अन् मला कागद कोण देत होतं ते मला नका विचारू. मी तेल आणत होतो, कागद नेत होतो."

मुळे साहेबांनी त्याच्या मानेला धरून भिंतीशी नेलं आणि खालच्या आवाजात दोन शब्द विचारले. महारुद्रने नकारार्थी मान हलवली. घाबरलेला दिसत होता, पण पोलिसांना नाही.

मग दत्तराव. प्रयोगशाळेत एकच वातानुकूलित खोली होती, मालकाची केबिन. तिथेच त्यांनी आम्हाला बसवलं आणि थंड ताक मागवलं. दोनदा मागवलं, मग लक्षात आलं की आणणारा सिद्धोधन पहाऱ्यात आहे.

"मॅडम, मला ह्या मशीनमधलं काई कळत न्हाई. मी बिल्डिंग बांधली, मशीन घेतलं, सरच्या हाती दिलं. शिवकन्या गेल्यावर मी हितंच केबिनमदी फोनवर होतो. दोनला निघालो तवा सर मशीनवर बसले होते. बाहेर सिद्धोधन कूलरसाठी पाण्याचे ड्रम घिऊन आला. त्याला म्हणलो, सर कामात हायत, दार उघडू नको. पाथरीला मेव्हण्याच्या पोरीचा साखरपुडा. तीनला तिथं होतो. हे बगा फोटो."

फोटोत ते फेटा बांधून उभे होते. वेळ तीन दहा.

"वाटंतून सिद्धोधनला फोन केला होता," ते पुढे म्हणाले. "पावणेतीन वाजले असतील. विचारलं, सरचा रिपोर्ट निघाला का? तो म्हणला, निघाला साहेब, आत्ताच प्रिंटर वाजला. मला काय म्हाईत, फोन ठिऊन हा आत जाऊन डोकं फोडील!" त्यांचे डोळे भरून आले.

खरं सांगते, मला त्यांची दया आली. दोन वर्षांपूर्वी मी इथे सगळ्यांना सॉफ्टवेअर शिकवायला आले होते तेव्हा हा माणूस शेवटच्या खुर्चीत घोरत होता. दोन दिवसांत एकदाच जागा झाला. मी 'बॅच' दाखवत होते, म्हणजे कॉम्प्युटरला कामाची यादी आणि वेळ देऊन ठेवायची. तेव्हा त्यांनी हात वर केला. "मॅडम, हे माणूस नसताना आपोआप चालंल का?" सगळे हसले. मला वाटलं मालक पगार वाचवायच्या विचारात आहे. मीही हसले आणि त्यांना ते दोनदा करून दाखवलं.

रात्री लॉजवर झोप लागली नाही. सिद्धोधनची आई सुलाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, तिला भेटून आले होते. तिने माझा हात धरून एकच सांगितलं.

"त्याला खोटं बोलता येत न्हाई, बाई. लहानपनापासून न्हाई. तेच त्याचं वंगाळ हाय."

४

सकाळी मुळे साहेबांनी सील काढून मला कॉम्प्युटर उघडू दिला. त्यांना मशीनची वेळ नोंदवून हवी होती. जमिनीवर खडूची आकृती होती, भिंत तशीच होती, पाना नेला होता. कूलर बंद होता आणि खोली भट्टीसारखी तापत होती.

मी दोन चाळीसची फाइल उघडली. ज्या बिघाडासाठी आले होते तो निदान बघावा म्हणून फिटिंग चालवलं.

बसलं. पहिल्याच दणक्यात बसलं. मोजलेला वक्र आणि बसवलेला वक्र यांतला फरक सॉफ्टवेअर खाली वेगळा काढून दाखवतं. तिथे नुसती शांत, बारीक थरथर होती. एकही काटा नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगायला लाज वाटते. मी वैतागले. माणूस मेला, एवढा प्रवास केला आणि इथे काही बिघाडच नाही! मी सोमवारची दुपार उघडली. काटेच काटे, फिटिंग मोडलेलं. शनिवारची दुपार, तेच. शुक्रवार, गुरुवार, पूर्ण एप्रिल. दहा वाजल्यानंतरचा एकही वक्र स्वच्छ नव्हता. महिनाभरात एकच दुपार बिनकाट्यांची होती, तीही नेमकी सरांच्या खुनाची.

"साहेब," मी विचारलं, "काल कूलर कधी सुरू झाला?"

"सिद्धोधन म्हणतोय, धाला लावला. सव्वादोनला बाहेरून परत पाणी भरलं. आमी आलो तवाबी चालूच होता."

मला आठवलं, दारात पाय ठेवताच तो ओला वारा तोंडावर आला होता.

"मग ही फाइल दोन चाळीसची नाही."

"वेळ तर लिव्हलेली हाय की!"

"वेळ लिहिलेली आहे. हवा नाही लिहिलेली. कुणीतरी सकाळची जुनी फाइल घेतली, बॅचला सांगितलं की दोन चाळीसला ही उघड, फिटिंग कर, नव्या नावाने ठेव आणि छाप. बॅच चालेल ती वेळ नव्या फाइलवर पडते. खोलीत जिवंत माणूस लागत नाही. मेलेला चालतो."

मुळे साहेब खुर्चीवरून उठले. "सिद्ध करता येतंय का? कोर्टात काटे-बिटे कोण ऐकंल?"

"येतं. यंत्राची थरथर कधीच तशीच्या तशी परत येत नाही. एकच तेल पाठोपाठ दोनदा मोजलं तरी नाही. काल सकाळच्या चौदा फाइली आहेत. एकेक घेऊन दोन चाळीसच्या फाइलीतून वजा करते. वेगळी असेल तर थरथर उरेल. तीच असेल तर काहीच उरणार नाही."

पहिली वजा केली, थरथर उरली. दुसरी, तिसरी, तशीच. सातवीला लाईट गेली. इन्व्हर्टर कुरकुरत चालू झाला. आठवी. मग नववी, सकाळी आठ सव्वीसची.

स्क्रीनवर एक सरळ आडवी रेघ आली. शून्य. फौजदारांनी बोट लावून ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसून पाहिली.

"समद्यांला बोलवा," ते दारातल्या शिपायाला म्हणाले. "पंचनाम्यावर सही पायजे म्हणावं."

५

बारा वाजता ते तिघे मशीनच्या खोलीत उभे होते. शिवकन्या खडूच्या आकृतीकडे बघायचं टाळत होती. महारुद्र घाम पुसत होता. दत्तराव दारापाशी होते. मी काट्यांचं आणि सरळ रेघेचं सगळं सांगितलं.

"म्हणजे दोन चाळीसला सर जिवंत होते याला काहीच पुरावा नाही," मी म्हणाले. "सिद्धोधनने प्रिंटर ऐकला, सरांना नाही ऐकलं. हा डाव कुणाच्या कामाचा? सिद्धोधनच्या नक्कीच नाही, कारण यानेच तो एकटा खोलीबाहेर सापडतो. जो दोन चाळीसला इथे नव्हता त्यालाच हा उपयोगी. महारुद्र नव्हता, पण त्याला बॅच काय ते ठाऊक नाही आणि एकनंतर तो इथे फिरकला नाही. शिवकन्या नव्हती आणि तिला बॅच येते."

शिवकन्याचा चेहरा पांढरा पडला.

"पण शिवकन्या महिनाभर या काट्यांशी झगडत होती. तिने सकाळची फाइल कधीच घेतली नसती, काटेवालीच घेतली असती. सिद्धोधनलासुद्धा ठाऊक होतं, सर रोज त्याच्या नावाने खडे फोडत होते. ही चूक करू शकतो तो फक्त असा माणूस, ज्याला बॅच येते पण जो दुपारी कधी कूलरच्या खोलीत बसलाच नाही. जो एसीत बसतो."

दत्तराव हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

"अवो मॅडम, एवढ्यावरनं? सरनी नायट्रोजन लावला असंल की! त्यानं मशीनमदली वाफ निघून जाती. सिलिंडर हाय की तिथं कोपऱ्यात!"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. काल ज्यांना मशीनमधलं काही कळत नव्हतं, ते बरोबरच बोलत होते. नायट्रोजन सोडला तर काटे जातात.

शिवकन्या पुढे झाली. तिने कोपऱ्यातल्या सिलिंडरला हात लावून तो एका हाताने डुलवला आणि वरच्या, गॅसचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा दाखवला. शून्यावर.

"रिकामा हाय, साहेब. महिना उलटला. सरांनी तीनदा मागणी दिली. तुमीच म्हणलात, कूलर हाय की, नायट्रोजन कशाला पायजे." तिचा आवाज फाटला. "म्हणून तर काटे आले! अन् त्याच सिलिंडरचा पाना घेऊन तुमी..."

पुढचं फार वेगात घडलं. दत्तरावांनी लोखंडी स्टूल उचललं आणि कॉम्प्युटरवर घातलं. काचा उडाल्या. दुसरा घाव माझ्यावर होता. मी हात आडवा धरला आणि मनगटातलं हाड मोडल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला. मी खडूच्या आकृतीवर पडले. तिसरा घाव डोक्यावरच बसायचा, पण शिवकन्याने मागून त्यांच्या डोळ्यांत बोटं घातली. मुळे साहेबांनी त्यांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. नाकाचं हाड फुटलं, रक्ताची चिळकांडी कॅलेंडरवर गेली, कालच्या डागांवर आज त्यांचे पडले.

"फोडला! कॉम्प्युटर फोडला!" ते जमिनीवरून ओरडत होते. "आता दाव कोर्टाला काय दावतीस ते!"

"सगळ्याची नक्कल साहेबांच्या जीपमध्ये आहे," मी म्हणाले. दातावर दात आवळून म्हणाले, कारण हात जळत होता. "अकरा वाजल्यापासून."

तेव्हा महारुद्रचं तोंड सुटलं. सिद्धोधनच्या कळवळ्याने नव्हे, स्वतःच्या भीतीने. तीन शिखरांचे कागद मालकच करून देत होते, शिवकन्याच्या पासवर्डने. काल सर म्हणाले की दुपारी सगळं वर पाठवतो, आणि ते मालकानेही ऐकलं होतं. एकला महारुद्र आणि शिवकन्या गेल्यावर, सिद्धोधन पाणी घेऊन दोनला येईपर्यंत, इथे फक्त मालक आणि सर होते. संध्याकाळी दत्तरावांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली रक्ताचा टॉवेल सापडला. पण त्या दुपारी, खोलीत सगळेच एकदम बोलायला लागले तेव्हा मी बाहेर आले आणि ओट्यावर उलटी केली. सर माझ्या शिकवण्याने मेले, असं वाटलं तेव्हा. अजूनही कधीकधी वाटतं.

६

तीन वाजता कोर्टापुढे दुसराच माणूस उभा राहिला. माझ्या हाताला प्लास्टर घालून झाल्यावर मी त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर गेले.

सिद्धोधनच्या दारावरचा पहारा उठला होता. तीन बरगड्या मोडल्या होत्या, एक डोळा बंद होता, कानावर जाड पट्टी. सुलाबाई त्याला चमच्याने पेज पाजत होती. मला बघून तिने चमचा खाली ठेवला आणि पदर तोंडात कोंबला.

मी उजव्या बाजूने बोलायला लागले. तो नुसता बघत राहिला.

"हिकडून बोला, बाई," सुलाबाई म्हणाली. "डाक्टर म्हणले, त्या कानाचा पडदा फाटलाय. पहिली चापट मालकानं मारली न्हवं, तीच. आता त्या कानानं कायबी ऐकू येनार न्हाई म्हणले."

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेले. काय घडलं ते त्याला सावकाश सांगितलं. मालक, सकाळची फाइल, बॅच, रिकामा सिलिंडर. पेज थंड होत होती. त्याने कूलरबद्दल एकदा आणि सरांबद्दल दोनदा विचारलं. मग माझ्याकडे मान वळवली.

"मॅडम, मालकाला मी फोनवर सांगितलं ना, प्रिंटर वाजला म्हणून. फौजदारालाबी तेच. समदे म्हणले खोटं बोलतूय." त्याने धाप घेतली. "प्रिंटर वाजला होता न्हवं?"

"वाजला होता, सिद्धोधन. दोन चाळीसला. तू ऐकलंस ते खरं होतं."

त्याने डोळा मिटला. पट्टीवर हात ठेवला, त्या कानावर.

"मंग बरं," तो म्हणाला, आणि आईने पुढे केलेला चमचा तोंडात घेतला.